फोटोच आहे, पण फोनवर उघडत नाही

रविवारी सकाळी आईचा फोन आला. "अरे, पत्रिका आलीय ग्रुपवर, पण उघडतच नाही. बघ ना जरा."

चुलतभावाचं लग्न. पत्रिका अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसमध्ये टाकलेली. प्रेसवाल्या काकांनी प्रूफ म्हणून पाठवलेल्या फाइलचं नाव होतं 'पत्रिका फायनल ३ डॉट सीडीआर'. काकूने ती दहा वेळा दाबून पाहिली, फोन दर वेळी तेच सांगे: ही फाइल उघडणारं अ‍ॅप नाही. नाना म्हणाले, फोन जुना झाला. आईच्या मते व्हॉट्सअ‍ॅपच बिघडलंय. शेवटी मामाने सल्ला दिला, "ते सीडीआर खोड आणि जेपीजी लिही, बघ कशी उघडते." काकूने तेही केलं. मग फोन म्हणाला, फाइल खराब आहे.

फाइल चांगली होती, फोनही चांगला होता. चुकला होता तो मामाचा सल्ला, आणि तो घरोघरी चालतो, म्हणून आधी त्याच्याकडेच वळतो.

आमच्या स्वयंपाकघरात फळीवर बोर्नव्हिटाचा एक डबा आहे. त्यात गेली कित्येक वर्षं गोडा मसाला असतो. घरच्यांना ते माहीत आहे, पाहुण्यांना नाही. फाइलच्या नावातली टिंबापुढची अक्षरं म्हणजे त्या डब्यावरचं लेबल. ते खरवडून दुसरं चिकटवलं म्हणून आतल्या मसाल्याचं चॉकलेट होत नाही. काकूने लेबल बदलल्यावर फोनने विश्वासाने चमचा घातला आणि तोंड वाकडं केलं, इतकंच.

पण मामाचा अनुभव अगदीच खोटा नव्हता. त्याची युक्ती पूर्वी एकदा चालली होती, कारण ती फाइल 'जेएफआयएफ' होती. जेएफआयएफ म्हणजे नेहमीचा जेपीईजीच, फक्त नाव वेगळं; संगणकावरून फोटो सेव्ह करताना कधीकधी तो या नावाने उतरतो. तिथे लेबलच चुकीचं होतं, ते बदलल्यावर काम झालं. पुष्कळ गॅलरी अ‍ॅप तर फोटो उघडताना लेबलावर विसंबत नाहीत, थेट डब्यात डोकावतात.

डोकावतात म्हणजे काय करतात, ते आपल्यालाही पाहता येतं. फाइल ही शेवटी आकड्यांची रांग. जवळजवळ प्रत्येक प्रकाराने रांगेच्या तोंडाशीच आपली ओळख लिहून ठेवलेली असते. न उघडणारी फाइल फोनवरच्या एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. बहुतेक सगळा कचरा दिसेल, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पण पहिल्या ओळीत काही इंग्रजी अक्षरं वाचता येतील. 'पीएनजी' दिसलं तर पीएनजी. 'जीआयएफ८९ए' दिसलं तर जिफ, त्यातला ८९ म्हणजे १९८९ची आवृत्ती. 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' अगदी तोंडाशीच दिसलं तर लेबल काहीही असो, आत जेपीईजी आहे. '८बीपीएस' म्हणजे फोटोशॉपची पीएसडी. सुरुवातीला दोन आय आणि एक चांदणी (*) असेल तर टिफ. टक्क्याच्या खुणेपुढे 'पीडीएफ' असेल तर पीडीएफ, आणि इथे गंमत आहे: इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या 'एआय' फायली बहुतेक वेळा पोटातून पीडीएफच असतात. त्या पीडीएफ वाचणाऱ्या अ‍ॅपला दिल्या की गुपचूप उघडतात. मामाची युक्ती इथेही चालते, त्याला सांगू नका.

'पीके' दिसलं तर ती झिप फाइल. ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. काकूची सीडीआर मी अशीच उघडून पाहिली, तर वर 'पीके'. म्हणजे फाइल कसली, गाठोडंच ते. सीडीआर ही कोरलड्रॉ या प्रेसमधल्या सॉफ्टवेअरची फाइल; २००८ च्या सुमारापासूनच्या कोरलड्रॉने ती अशीच झिप करून बांधायला सुरुवात केली. त्या गाठोड्यात बहुधा एक चिमुकलं पूर्वचित्रही असतं. एक प्रत काढून तिला झिप म्हटलं, सोडवली, आणि आत पत्रिकेचं टपाल तिकिटाएवढं चित्र सापडलं. गणपती ओळखू आला. मुहूर्त वाचता येईना.

आता मूळ प्रश्न, पत्रिका दिसायला चित्रासारखी असून फोनला ती चित्र का वाटत नाही?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचा तक्ता: पहिला ठिपका लाल, दुसरा जरा कमी लाल, असं लाखो वेळा. जेपीईजी हे १९९२ चं मानक. ते तक्त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देतं. सीडीआरमध्ये ठिपके जवळपास नसतातच. तिथे कृती लिहिलेली असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा बाक देऊन रेघ ओढ, आत कुंकवाचा रंग भर, खाली अमुक फॉन्टमध्ये तमुक मजकूर लिही. म्हणून तोच गणपती पत्रिकेवर दोन इंचाचा आणि मांडवाच्या फ्लेक्सवर दहा फुटांचा छापता येतो, कुठेही फाटत नाही. पण ही कृती वाचून चित्र शिजवायला कोरलड्रॉ समजणारा आचारी लागतो. फोनमध्ये तो नसतो. फोन बनवणाऱ्यांनी आत मोजकेच डीकोडर, म्हणजे फाइल वाचून चित्र करणारे आचारी, ठेवलेले असतात: जेपीईजी, पीएनजी, जिफ, वेबपी, अलीकडे एचईआयसी आणि एव्हीआयएफ. बाकीच्यांना दार बंद.

फोटोपी नावाची एक साइट फोनच्या ब्राउझरमध्येही चालते आणि पीएसडी, टिफ, सीडीआर, एआय अशा बऱ्याच गोष्टी उघडते. तिची चांगली गोष्ट ही की फाइल कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच फोनवर होतं. गूगल ड्राइव्हवर टाकली तर पीएसडी, एआय, टिफ यांचं पूर्वदृश्य तिथेही दिसतं, पण मग फाइल ड्राइव्हवर जाते हे लक्षात ठेवा. मी पत्रिका फोटोपीत टाकली. गणपती आला, वेलबुट्टी आली, आणि 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि एक कंस आला.

हे मराठी छपाईचं जुनं दुखणं. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी देवनागरी फॉन्ट बनवताना इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरं बसवली जात. फाइलमध्ये असतो इंग्रजी अक्षराचा क्रमांक. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात असेल तरच त्या जागी 'क' दिसतो, नसेल तर उघडं इंग्रजी अक्षर. प्रेसमध्ये अजूनही असे फॉन्ट सर्रास चालतात, कारण जुन्या फायली, जुनी सवय आणि टाइप करणाऱ्याच्या बोटांचा वेग त्यांनाच बांधलेला आहे. यावर प्रेसच्या भाषेत एक उपाय आहे, 'कर्व्ह करून देणे'. म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची नुसती बाह्यरेषा ठेवायची. मग फॉन्ट असो नसो, 'श्री' श्रीच दिसतो. तेव्हा प्रेसला फोन करताना 'फाइल उघडत नाही' असं म्हणू नका. म्हणा, "काका, कर्व्ह करून पीडीएफ पाठवा." पलीकडचा आवाज एकदम बदलतो. या माणसाला कळतं, असा होतो.

एचईआयसीचं प्रकरण जास्त लोकांना भेडसावतं, पण सोडवायला सोपं आहे. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून आयफोनचे फोटो या प्रकारात साठवायला सुरुवात केली, कारण जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो मावतो. अँड्रॉइडने पुढच्या वर्षी, आवृत्ती ९ पासून, तो वाचायला घेतला. अडतं ते नव्या फोनवर नाही, पलीकडे. नव्या पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या कुणालाही विचारा. भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख, फोटो इतक्या केबीचा आणि जेपीजीच हवा, मित्राच्या आयफोनवर काढलेला फोटो एचईआयसी, घाईत नाव बदलून जेपीजी केलं, आणि अर्ज फोटो घेईना. पुन्हा तोच डबा, तेच लेबल. खरं रूपांतर करायचं तर आयफोनवर फाइल्स अ‍ॅपमध्ये फोटो बोटाने दाबून धरा, क्विक अ‍ॅक्शन्समध्ये कन्व्हर्ट इमेज आहे, आयओएस १६ पासून. पुढचे फोटो मुळातच जेपीजी हवे असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि मोस्ट कम्पॅटिबल. अँड्रॉइडवर सर्वांत गावठी उपाय म्हणजे फोटो उघडून स्क्रीनशॉट काढणे. काही फोनवर तो पीएनजी उतरतो, पण जेपीजी उतरला तर अर्जापुरता चालतो, मी कुणाला नावं ठेवणार नाही.

इथे माझी स्वतःची चूक कबूल करतो. 'व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दर्जा टिकतो' असं मीच घरात सगळ्यांना पढवलं होतं. दर्जा टिकतो हे खरंच. पण फोटो म्हणून पाठवला असता तर व्हॉट्सअ‍ॅपने एचईआयसीचा जेपीजी करून दिला असता. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर फाइल जशीच्या तशी जाते आणि पलीकडच्या जुन्या फोनची पंचाईत होते.

टिफबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. टिफच्या एका फाइलमध्ये अनेक पानं असू शकतात. स्कॅन केलेला जुना दस्त टिफमध्ये आला तर फोनवरची पुष्कळ अ‍ॅप त्याचं पहिलंच पान दाखवतात आणि पुढे आणखी आहे असं सांगतही नाहीत. फाइल दहा-पंधरा एमबीची आणि पान काळंपांढरं एकच दिसत असेल तर शंका घ्या. जागेच्या व्यवहारात तर नक्कीच घ्या.

सगळ्यांत गुंतागुंतीची फाइल घरात येते ती आजारपणात. मावशीचा छातीचा सीटी स्कॅन झाला, केंद्राने अहवाल, दोन मोठ्या फिल्म आणि एक सीडी हातात ठेवली. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. सीडी घालायला कोथरूडच्या त्या अख्ख्या सोसायटीत एकाकडेही ड्राइव्ह निघाला नाही. मावसभावाने फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलने फोटो काढले, त्यात फुफ्फुसाबरोबर समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणंही आलं. डॉक्टर म्हणाले, हे नको, मूळ डायकॉम पाठवा.

डायकॉम हा वैद्यकीय प्रतिमांचा प्रकार. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या आणि यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून १९८५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, डायकॉम हे नाव १९९३ मध्ये आलं. सीडीवर या फायलींना बहुतेक वेळा लेबलच नसतं, नुसते क्रमांक. शेकड्यांनी फायली, आणि सोबत 'डायकॉमडिर' नावाची एक अनुक्रमणिका. डब्यात डोकावलं तरी पहिले १२८ बाइट सहसा कोरे. ओळख त्यानंतर लिहिलेली असते, 'डीआयसीएम'. म्हणून फोनच नव्हे, चांगले संगणकही गोंधळतात.

पण डॉक्टरांना फोटो का चालला नाही? सीटी यंत्र प्रत्येक ठिपक्याला रंग देत नाही, घनतेचा आकडा देतं. हे आकडे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जातात, सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शेकड्यांपासून हजाराच्याही वर. इतक्या छटा साध्या पडद्यावर मावत नाहीत. तिथे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. मग डॉक्टर आकड्यांचा एक पट्टा निवडतात आणि तेवढाच काळ्यापांढऱ्यात पसरवतात. याला ते विंडो म्हणतात. लंग विंडो लावली की फुफ्फुसातल्या बारीक शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात आणि हाडं नुसती पांढरीफटक. बोन विंडो लावली की बरगडीच्या आतली जाळी दिसते आणि फुफ्फुस म्हणजे काळं भगदाड. फाइल तीच, शरीराचा आडवा काप तोच. फिल्मवर किंवा जेपीजीमध्ये यातली एकच खिडकी गोठवलेली असते, बाकीचे आकडे गेले ते गेले.

शेवटी केंद्राकडून तोच स्कॅन पेनड्राइव्हवर मागून घेतला. एक काप ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. असे तीनशे काप म्हटले तर दीडशे एमबी. पेनड्राइव्ह ओटीजीच्या पिनेने फोनला लावला, फोल्डर फोनमध्ये उतरवलं, इमायोसचा मोफत डायकॉम व्ह्यूअर घेतला. मावशीने स्वतः बोटाने काप वरखाली सरकवून पाहिले. "म्हणजे हे मला पावासारखं कापलंय होय," म्हणाली. असली अ‍ॅप बघण्यापुरती, रोगनिदान डॉक्टरांनी त्यांच्या पडद्यावर करायचं.

एक गोष्ट मात्र करू नका. 'डायकॉम टू जेपीजी फ्री' शोधून पहिल्या येणाऱ्या साइटवर स्कॅन चढवू नका. डायकॉमच्या पोटात नुसतं चित्र नसतं. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख, सगळं प्रत्येक कापात पुन्हा पुन्हा लिहिलेलं असतं. तीनशे काप म्हणजे मावशीचं नाव तीनशे वेळा.

बाकीचे प्रकार भराभर. कॅमेऱ्याच्या रॉ फायली, कॅननच्या सीआर२, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू, म्हणजे न शिजवलेला शिधा. सेन्सरने मोजलेला उजेड जसाच्या तसा. त्या बहुधा लाइटरूममध्ये उघडतात, डीएनजी असेल तर स्नॅपसीडमध्येही. गॅलरीत रॉ फोटो झटकन दिसला तर हुरळू नका, तो बऱ्याचदा आत ठेवलेला तयार जेपीजी असतो. जेपीईजी २००० हा प्रकार गॅलरीत क्वचित दिसतो, पण आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये तुमचा जो इवलासा फोटो दडलेला असतो, तो याच प्रकारात.

आणि भाचा खगोलशास्त्राच्या नादाला लागल्यापासून घरात 'फिट्स' आलं. त्याने जेवताना सांगितलं, "माझी फिट्स फोनवर उघडत नाहीये," आणि आजीने घास खाली ठेवला. तिला कांदा आणि चप्पल आठवली असणार. फिट्स हा १९८१ पासूनचा दुर्बिणींच्या प्रतिमांचा प्रकार. पुण्याच्या आयुकासारख्या खगोलशास्त्राच्या संस्थांत रोजच्या वापरातला. त्याची मला आवडणारी गोष्ट अशी, की टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर सुरुवातीचा भाग चक्क वाचता येतो. ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळी, पहिली ओळ 'सिम्पल', पुढे प्रतिमा किती बाय किती, बहुधा कधी घेतली आणि कुठल्या दुर्बिणीने तेही. पन्नास वर्षांनी कुणी सॉफ्टवेअर शिल्लक नसलं तरी माणूस वाचून काढेल. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली हस्तलिखितं जपायला हाच प्रकार निवडला. आपल्या पत्रिकेच्या फॉन्टवाल्यांना हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

लग्नसराईत एक भामटेगिरी चालते, तेवढी सांगतो. अनोळखी नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, शेवटी एपीके. पोलिसांनी याबद्दल इशारे दिलेले आहेत. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि त्यात डोकावलं तर तिथेही 'पीके'च दिसतं, म्हणजे पहिल्या दोन अक्षरांवरून पत्रिका आणि चोर सारखेच. फरक पुढे कळतो: फोटो कधीही 'इन्स्टॉल करू का' विचारत नाही. विचारलं की संपलं, फाइल खोडा. आणि फोनचे अपडेट टाळू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी वाचणाऱ्या गूगलच्या डीकोडरमध्येच गंभीर त्रुटी सापडली होती, क्रोमपासून फायरफॉक्सपर्यंत सगळ्यांना घाईघाईने दुरुस्ती पाठवावी लागली. तिथे साधा फोटोच हत्यार होऊ शकत होता.

तर पत्रिका. प्रेसवाल्या काकांनी तासाभरात कर्व्ह करून पीडीएफ पाठवली. ती सगळ्यांच्या फोनवर उघडली, अगदी नानांच्या 'जुन्या' फोनवरही. 'श्री गणेश प्रसन्न' नीट, मुहूर्त नीट, कार्यालयाचा पत्ता नीट. मिनिटभर ग्रुप शांत होता. मग आत्याचा मेसेज आला, "छान झालीय." एवढाच. काकूने पत्रिका दोन बोटांनी मोठी करून खालपासून वर वाचली. निमंत्रकांच्या यादीत सगळे होते, आत्या नव्हती.

मी पुन्हा प्रेसला फोन लावला. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नाव टाइप करून घालता येत नाही, तिथे अक्षरं उरलेलीच नसतात, नुसत्या रेघा; हे एव्हाना मला कळलं होतं, म्हणून जरा बिचकतच विचारलं.

"मूळची ठेवलीय हो," काका म्हणाले. "आत्याबाईंचं नाव कुठे घेऊ, नानांच्या वर की खाली?"